पाऊण तास लिही

दुपारी तीनला उद्याची यादी माझ्या टेबलावर येते.
घारपुरे सर दारातूनच सांगतात,
"तुस्कानो, पाऊण तास लिही."
मी लिहिते पाऊण तास,
आणि शेजारी पेन्सिलीनं, मलाच दिसेल इतकं बारीक: दोन.

बोमनजी मॅडमचा तास म्हणजे तासच,
वर गॉझ मोजायला पाच मिनिटं.
नव्या रजिस्ट्रारला विचारूच नये,
घड्याळाकडे बघायला लागला की त्याचा हात कापतो.

माझी एक वही आहे.
औषध कंपनीची जुनी डायरी, कव्हरवर दोन गुलाबी फुप्फुसं,
आत थिएटर नंबर तीनची एकोणीस वर्षं.
टेबलावर घेतलं कधी, सुरी लागली कधी,
शेवटचा टाका कधी, बाहेर काढलं कधी.
वही म्हणते, पित्ताची पिशवी चाळीस मिनिटांत निघते,
यकृताला चिकटून बसली असेल तर साडेतीन तास,
आणि यातली कुठली ते
पोटात शिरेपर्यंत सोनोग्राफीलाही ठाऊक नसतं.

आधी वाटायचं, लहान कामं पहिल्यांदा उरकावीत,
वसईला आई बाजाराच्या दिवशी उरकायची तशी.
मग वहीनंच शिकवलं:
ज्याचा शब्द खरा, त्याला आधी घ्यावं.
भरवशाचा हर्निया सकाळी आठला.
लहरी पोटं शेवटी,
म्हणजे ती वाट चुकली तरी मागे कुणी ताटकळत नाही.

मागे कुणी नाही, पण ती स्वतः असतातच.

इंदुमती गोतपागर, वॉर्ड अकरा, खाट सात.
मंगळवारी रात्री दहापासून पाण्याचा थेंब नाही,
दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी खाली निरोप धाडला, चहा द्या.
चहा द्या म्हणजे आज नाही,
हे आता अख्ख्या वॉर्डाला कळतं.
शुक्रवारी पुन्हा चहा.
मुलगा शिवडीच्या गॅरेजात, त्याचे चार खाडे.
"सिस्टर, नक्की किती वाजता?"
एकोणीस वर्षं वही लिहून मी म्हटलं, "बघू."

अधीक्षक यादीवर बोट ठेवतात,
मधे अर्धा तास रिकामा कसा?
टेबल रिकामं म्हणजे पालिकेचा पैसा.
साहेब, तो कुणाचा तरी आहे.
नाव अजून यायचंय.

आज अकराला दामोदर साळगट होते.
त्रेपन्न वय, लालबागला मसाल्याच्या गिरणीत,
अंगाला अजून धण्याचा वास.
जठर. वहीप्रमाणे चार तास.

सर आत हात घालून सगळीकडे फिरले,
दिवे गेल्यावर फडताळात काडेपेटी चाचपावी तसे.
लाइट जरा डावीकडे घ्यायला लावला,
मग म्हणाले, राहू दे, होता तिथेच.
"बंद करू."
पंचवीस मिनिटं.

तीन तास पस्तीस मिनिटं माझ्या पदरात पडली.
इतका मोकळा वेळ मी महिनोन्महिने मागते.
फोन उचलला. वॉर्ड अकरा.
खाट सात वर पाठवा. चहा देऊ नका.

लिफ्टचं दार उघडलं,
इंदुमतीबाई ट्रॉलीवर हात जोडूनच आल्या,
"आज लवकर लागला हो नंबर, तुमच्या तोंडात साखर पडो."
बाकावरून साळगटांची बायको उठली.
डबा हातात, झाकण घट्ट धरलेलं.
"आमचं पण लवकर झालं म्हणे?
बरं झालं ना, सिस्टर?"

सर येतील, म्हटलं. सर बोलतील.

इंदुमतीबाईंना दोन तास दहा मिनिटं लागली.
ते शाईनं लिहिलं.
वरची ओळ साळगटांची.
पुढच्या जठराचा अंदाज काढताना
हे पंचवीस धरायचं की वगळायचं?
धरलं तर सरासरी खाली येते,
पुढचा कुणी उपाशी राहतो.
वगळलं तर

तीन वाजले. दारात घारपुरे सर,
टोपी काढलेली, कपाळावर तिच्या दोरीचा वळ.
आज वेळ सांगितली नाही.
यादी ठेवली आणि पाणी मागितलं.